गालाखालचे दोरे

अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवर फ्लॅट बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी रंजिता परुळेकरच्या पुढ्यात यायचा. त्या बिल्डर कंपनीच्या सेल्स गॅलरीचं दार उघडलं की समोर काचेखाली सगळ्या टॉवरांचं छोटं मॉडेल, आणि मॉडेलच्या बाजूला रंजिताचं टेबल. नाव विचारायचं, कहवा पुढे करायचा, आणि माणूस कसा आहे ते पाहून त्याला कोणत्या सेल्समनकडे धाडायचं ते ठरवायचं, एवढंच तिचं काम. पण हे एवढंसं काम ती इतक्या आपुलकीनं करायची, की घर घेऊन झाल्यावरही लोक पोराबाळांना घेऊन तिला भेटायला यायचे. बाई ठाण्याच्या. चार भाषांत "बसा ना" म्हणता यायचं आणि चारही भाषांत ते खरं वाटायचं. तुमचं भांडवल म्हणजे तुमचा चेहरा, असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर तिला राग आला असता. पण होतं ते तेच.

पन्नाशी जवळ आली तसा हा चेहरा उतरायला लागला. नाकाच्या बाजूने ओठांपर्यंत दोन घड्या पडल्या, जबड्याची रेघ सैल झाली. आजार नाही, काही नाही. पण ती मजेत असली तरी समोरचा विचारायचा, मॅडम, आज दमलात का? हेच दिवसातून चार जणांनी विचारलं की माणूस खरंच दमतो.

एरवी तिने हे हसून सोडून दिलं असतं. पण तिचा नवरा हेमचंद्र ज्या कंपनीत इंजिनियर होता ती कंपनी उन्हाळ्यात गुंडाळली गेली, आणि त्याचा नि मुलीचा व्हिसा रंजिताच्या नोकरीवर आला. मुलगी शुभ्रा बारावीला. बोर्डाची परीक्षा मार्चच्या आसपास, आणि रंजिताचं काँट्रॅक्ट संपत होतं डिसेंबरात. ते वाढलं तर सगळं ठीक. नाही वाढलं तर खलिफा सिटीतलं घर आवरून तिघांनी निघायचं, आणि पोरीची बारावी मधल्यामध्ये लोंबकळणार. घरात ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं. हेमचंद्र सकाळी उठून अर्ज पाठवायचा, मग सगळ्यांचे डबे भरायचा, आणि संध्याकाळी रंजिता घरात शिरली की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. ऑफिसात काय झालं ते त्याला त्यावरून वाचायचं असे.

ऑफिसात झालं होतं असं, की अलिना नावाची नवी मॅनेजर आली होती. दिवाळी उलटली की नवी, मोठी गॅलरी उघडणार होती, आणि तिथल्या टेबलावर कोणाला बसवायचं हे कॅमेऱ्यापुढे बोलायला लावून ठरणार होतं. जे त्यात बसणार नाहीत त्यांच्या काँट्रॅक्टचं पुढे बघू, असं अलिनाने गोड आवाजात सांगितलं. सांगताना ती रंजिताकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, जुन्या सोफ्याकडे बघतात तशी. निदान रंजिताला तरी तसं वाटलं.

शेजारच्या टेबलावर शहनाझ बसायची. हैदराबादची, तिशीतली, बोलायला लाघवी. तिने जेवणाच्या सुट्टीत कानात सांगितलं, "बाजी, थ्रेड लिफ्ट करवा लो. लंच टाइम में हो जाता है, दूसरे दिन ऑफिस." तिची कोणी खाला, म्हणजे मावशी, म्हणे असं करून तिसऱ्या दिवशी लग्नाला गेली होती. या खालाला कोणी पाहिलेलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला अशा खालाच खऱ्या वाटतात.

दुबईतल्या बर दुबई भागात, मीना बाजारातल्या कापडदुकानांच्या मागच्या गल्लीत ते क्लिनिक होतं. रंजिता सुट्टी टाकून एकटीच बसने गेली. घरी सांगितलं, अक्कलदाढ काढायला जातेय.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि त्यांनी काहीही लपवलं नाही. सुई टोचून गाल बधिर करणार. मग कानाच्या पुढून एका बारीक नळीतून दोरे आत घालणार. दोऱ्यांना बारीक बारीक काटे असतात, ते आतून कातडीला धरतात. मग दोरा ओढायचा, गाल वर येतो, उरलेलं टोक कापून टाकायचं. दोरे काही महिन्यांत आपोआप विरघळतात, आणि फरक टिकलाच तर वर्षभर टिकतो. चेहरा पुन्हा पंचविशीचा होत नाही, तेवढी आशा ठेवू नका, हेही त्यांनी बजावलं. सूज येईल, निळंकाळं पडेल, कुठे खळगा दिसेल. बहुतेक दोन-तीन आठवड्यांत बसतं. तोवर उताणं झोपायचं, तोंड मोठं उघडायचं नाही, कडक चावायचं नाही. आणि महिनाभर चेहरा चोळायचा नाही, चोळू द्यायचा नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, जवळपास काही समारंभ वगैरे आहे का? असेल तर आत्ता नको, पुढे करू.

दिवाळी आठवड्यावर आली होती आणि कॅमेऱ्याची टेस्ट त्याच्या मागोमाग. रंजिता म्हणाली, "नाही हो, काहीच नाही."

दुखलं नाही फारसं. पण नळी आत सरकताना जाड कापडातून सुई जावी तसा आवाज अगदी कानाशी येत होता, आणि तो आपल्याच गालातून येतोय हे काही केल्या विसरता येईना. तिने डोळे मिटून शुभ्राच्या विषयांची नावं मनात म्हटली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. उठल्यावर आरसा दिला, तेव्हा सुजेच्या आतून का होईना, जबड्याची रेघ तिला परत दिसली. बसमध्ये परत येताना ती तोंडावर ओढणी धरून मनातल्या मनात हसत होती. प्रत्यक्ष हसायला बंदी होती.

आता घरात एक माणूस होतं ज्याचा रंजिताने हिशेबच धरला नव्हता. हेमचंद्रची आई, सगुणाबाई, महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर दिवाळीसाठी कुडाळहून आलेल्या. वय सत्तरीपुढचं, पण हात खणखणीत. गावात बाळबाळंतिणीला तेल लावायला याच. लचकलं, भरलं, आखडलं, की लोक डॉक्टरच्या आधी यांच्या ओटीवर येणार. लेकाशी मालवणीत आणि सुनेशी शाळेतल्या मराठीत बोलायच्या. सून शहरातली म्हणून लग्नापासून जरा अंतर राखून होत्या. भांडण कधी नाही, आणि मिठीही कधी नाही.

सुनेची दाढ काढली म्हटल्यावर त्यांना काम मिळालं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, लवंग झाली, मऊ भात आणि वरण झालं. चकल्या, कडबोळी, लाडू यांचे डबे भरत होते आणि घरची लक्ष्मी गुरगुट्या भात गिळत होती. हेमचंद्रने दुसरंच काढलं. दाढेची पावती दे, इन्शुरन्सला टाकतो, असा तो रोज मागे लागायचा, आणि रंजिता रोज पर्स शोधल्यासारखं करायची. शुभ्राने एकदा निरखून पाहिलं. "Mom, why are both sides swollen?" रंजिता म्हणाली, इंजेक्शन दोन्हीकडे दिलं होतं. एक खोटं बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं, तसं तिचं चाललं होतं.

तरी चेहरा सुधारत होता. निळे डाग पावडरखाली जात होते. फक्त डाव्या ओठाच्या वर एक बारीक खळगा पडत होता आणि बोटाला गाठीसारखं काही लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून सांगितलं, बसेल, हात लावू नका. रंजिताने दिवस काढायचे ठरवले.

मग नरकचतुर्दशी उजाडली.

सगुणाबाईंनी कुडाळहून डब्यातून नरकासुर म्हणून पायाखाली फोडायची कडू कारिटं आणली होती, आणि खोबरेल, आणि घरी कुटलेलं उटणं. त्यांच्या घरात पहिल्या आंघोळीला सगळ्यांना तेल लावायचं ते थोरल्या बाईने, हा नेम. बाथरूमच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर आधी हेमचंद्र बसला, त्याने लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले. मग शुभ्रा कुरकुरत बसली, "Ajji, not my hair, please," म्हणत. त्यांचं झाल्यावर सगुणाबाईंनी सुनेला हाक मारली.

रंजिता म्हणाली, "माझं मी लावते, आई." त्यांनी ऐकलं नाही. एरवी रंजिता नोकरीच्या घाईत असायची आणि त्या गावी, त्यामुळे इतक्या वर्षांत सुनेला अभ्यंग घालायचा योग आलाच नव्हता. शिवाय जबडा आखडलाय तो सुटेल, त्या म्हणाल्या, दाढेचं हे असंच असतं, दोन दिवसांत भाकरी खाशील. आता काय सांगणार? हेमचंद्र तिथेच टॉवेलने डोकं पुशीत उभा होता. खरं सांगायचं तर नवऱ्यापुढे, मुलीपुढे, सणाच्या पहाटे सांगावं लागणार होतं, की घर तुटायला आलं असताना मी गुपचूप जाऊन गाल ओढून घेतले. रंजिता स्टुलावर बसली. डोक्याला आणि पाठीला लावून झालं की उठायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

डोकं झालं, मान झाली, खांदे झाले. तेल कोमट होतं. मग सगुणाबाईंचे हात कानांमागून पुढे आले, त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि अंगठ्यांनी गाल खालच्या बाजूला चोळायला सुरुवात केली. रंजिताने तोंड उघडलं, बोलण्यासाठी. बोलली नाही. अंगठा त्या गाठीवर आला, थांबला, आणि मग जोरात दाबून गोल फिरला. डाव्या कानाजवळ आतून टक् असा बारीकसा आवाज झाला. एक कळ उठली आणि गालातला ताण एकदम नाहीसा झाला.

"दुखता काय गो?" सगुणाबाई पहिल्यांदाच तिच्याशी मालवणीत बोलल्या.

रंजिताने नाही म्हणून मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सगुणाबाईंना वाटलं डोळ्यांत तेल गेलं, त्यांनी पदराने ते पुसलं.

आरशात तिने नंतर पाहिलं. उजवा गाल वर, डावा खाली, आणि ओठाच्या कोपऱ्यापाशी चांगला खोल खळगा. बाहेर हेमचंद्रने पायाखाली कारीट फोडलं आणि शुभ्राला हाक मारली. रंजिताला त्या क्षणी सासूचा इतका संताप आला की नळ सोडून तिने दातांत टॉवेल धरला. तोही हळूच, जबड्याला ताण नको म्हणून. ही म्हातारी आली नसती तर. हिला कोणी सांगितलं होतं. लक्ष्मीपूजनाला ती सासूशेजारी बसली, पाया पडली आणि पणत्या लावायला उठून गेली. सगुणाबाईंनी मात्र दोनदा विचारलं, आता हलकं वाटतं ना?

टेस्टच्या दिवशी तिने मेकअप दाट केला आणि चेहऱ्याची उजवी बाजू पुढे करून बसली. कॅमेरावाल्याने सरळ बसायला सांगितलं. बोलणं तिने छान केलं, ते तिच्या रक्तातच होतं. मग तो म्हणाला, आता स्माइल. समोरच्या पडद्यावर तिचं हसू मोठं होऊन दिसत होतं. उजवीकडचं वर गेलं, डावीकडचं जागचं हललं नाही.

अलिना खुर्चीतून उठली. तिने कॅमेरा थांबवायला सांगितला आणि जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, हात वर करता येतात का, बोलताना जीभ जड होते का. एचआरचा मुनीर धावत पाणी घेऊन आला. तो जुना, केरळचा, रंजिताला चांगला ओळखणारा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्याचा भाऊ अर्धांगाच्या झटक्याने गेला होता. दोघांना वाटलं, हिलाही तोच झटका आलाय. मुनीरने ॲम्ब्युलन्सला फोन करायला मोबाइल काढलासुद्धा.

रंजिताने घरात जे लपवलं ते तिला तिथे, दिवे लावलेल्या खोलीत, कॅमेरावाल्यासमोर सांगावं लागलं. झटका नाही. थ्रेड लिफ्ट केलंय, एक दोरा सुटला. का केलंय ते कोणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, नाहीतर ती रडली असती.

अलिना वाईट बाई नव्हती. तिने रंजिताच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग सांगायचं ते सांगितलं. टेबल पुढच्या सोमवारपासून सुरू होतंय, चेहरा बसेपर्यंत थांबता येणार नाही. तिथे शहनाझ बसेल. मुनीरने अलिनाला अडवून विचारलं, की जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून कागदपत्रं मागवायला माणूस हवाच आहे ना? रंजिता मॅडमचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाचं काँट्रॅक्ट मिळालं. जागा मागच्या बाजूला, प्रिंटर ठेवतात त्या खोलीत. तिथे बाहेरचं कोणी येत नाही.

तिने टॅक्सीतूनच डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. त्या रागावल्या नाहीत. सुटलेला दोरा आपोआप विरेल, महिनाभराने हवं तर पुन्हा बघू, तोवर पुन्हा तेच, चेहऱ्याला कोणाचाही हात नको.

घरी आल्यावर हेमचंद्रने नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण त्या तोंडावरून आता काही वाचता येत नव्हतं. म्हणून त्याला विचारावं लागलं. तिने सांगितलं, काँट्रॅक्ट वाढलं, वर्षभर. जागा बदलली, आत बसायचं, फोनचं काम. हेमचंद्र डायनिंगच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाला, "झालं एकदाचं. पोरीची बारावी वाचली." शुभ्राने येऊन मिठी मारली, "Mom, you're a legend," आणि अभ्यासाला पळाली. टेबलापासून आत का गेलीस, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. रंजिताला कळत होतं की त्यांना आज सुटका हवी होती आणि ती त्यांना मिळाली. तरी तिला फार वाईट वाटलं. चेहऱ्यासाठी म्हणून तिने जे केलं होतं ते याच दोघांसाठी होतं, आणि चेहरा कामाचा राहिला नाही तरी यांचं काही अडलं नव्हतं.

विचारलं ते सगुणाबाईंनी. लेक चहा करायला आत गेल्यावर त्या सुनेसमोर येऊन बसल्या.

"आत का बसवलं तुला? तू तर दारातली."

रंजिताने सांगितलं. दाढ नव्हती, दोरे होते. ते कसे घालतात, का घातले, आणि चतुर्दशीच्या पहाटे काय झालं, सगळं. सांगताना आवाजात राग होता, तो तिने लपवला नाही. ऐकता ऐकता सगुणाबाई आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघायला लागल्या.

"मला गाठ लागली होती," त्या म्हणाल्या. "दाढेचं काही आत राहिलंय वाटलं. गाठ मोडायची म्हणून मीच जोर दिला." मग म्हणाल्या, "पण तुला तर ठाऊक होतं. बस्स म्हणायचं होतंस. मी थांबले असते."

रंजिताकडे उत्तर तयार होतं. हेम उभा होता, शुभ्रा होती, सण होता. ते सगळं खरं होतं, आणि ते तिने सांगितलं नाही.

"पहिल्यांदा अंगठा फिरला तेव्हाच कळलं होतं मला, की हे सुटणार," ती म्हणाली. "पण तुम्ही दोन्ही हातांत तोंड धरलं होतंत. ठाण्याची आई गेल्यापासून तसं कोणी धरलं नव्हतं. म्हटलं, अजून थोडा वेळ असू दे."

सगुणाबाईंनी हात पुढे केला आणि अर्ध्यावर मागे घेतला. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या. आत हेमचंद्र साखर किती घालू म्हणून विचारत होता. ते हात पुन्हा चेहऱ्यावर हवेत, असं रंजिताला इतकं वाटत होतं की तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. पण डॉक्टरीणबाईंनी महिनाभर म्हटलं होतं, आणि सगुणाबाईंचं परतीचं विमान त्याच्या आधीचं होतं.